किती गाठींपैकी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी तीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले. कर्करोगाच्या तपासणीचा अहवाल न्यायला आलेले नातेवाईक खिडकीपाशी ‘गाठींत आलाय का?’ एवढेच विचारीत, आणि त्या ओळीवर बोट ठेवले की तिथेच मटकन बसत. ‘गाठींत आला म्हणजे अंगभर पसरला’ हा समज आजही कायम आहे.

घोटाळा काही अंशी भाषेचाही आहे. स्तनात हाताला लागते ती गाठ, आणि काखेत, मानेत, जांघेत जन्मापासून असतात त्याही गाठीच. पायाची ठेच चिघळली की जांघेत अवधाण येते. ते म्हणजे जंतूंना अडवताना सुजलेली लसीका ग्रंथी. कर्करोगाच्या सुटलेल्या पेशी लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांतून येऊन प्रथम याच ग्रंथींत अडकतात. त्यांतल्या काही मरतात, काही तग धरून वाढतात. पण पुढचा प्रसार दर वेळी इथूनच होतो असे नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १७ रुग्णांवरील २०१७ च्या अभ्यासात सुमारे दोनतृतीयांश प्रकरणांत दूरच्या अवयवांतला रोग ग्रंथींतल्या रोगापासून स्वतंत्रपणे, मूळ अर्बुदातूनच, म्हणजे कर्करोगाच्या पहिल्या गाठीतूनच, निघालेला आढळला.

याउलट तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या ग्रंथींकडे दुर्लक्ष महागात पडते. ‘मानेला काही लागत नाही, मग मान कशाला कापता?’ ही नातेवाइकांची शंका रास्त वाटते खरी. पण तिचे उत्तर आपल्या मुंबईतच मिळाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातील ५०० रुग्णांपैकी ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते; गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. स्तनाच्या कर्करोगात मात्र उलटा प्रवास झाला आहे. सगळी काख साफ केल्यास हाताला कायमची सूज येऊ शकते, म्हणून आता बऱ्याचदा निळा रंग टोचून तो प्रथम ज्या ग्रंथींत पोचतो, तेवढ्याच काढून तपासतात.

हे तपासणे किती जिकिरीचे असते, ते बाहेर फारसे ठाऊक नसते. शस्त्रक्रियेत काढलेली आणि फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावात ठेवलेली चरबी चिमटीत दाबत दाबत एकेक ग्रंथी हुडकावी लागते. एखादी वाटाण्याएवढी, बाकीच्या मसुराएवढ्या. डोळे चुरचुरतात, कंटाळा येतो, आणि चार-पाच सापडल्या की पुरे असे वाटू लागते. मात्र मोठ्या आतड्याच्या बाबतीत किमान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे, कारण चारांत रोग न सापडणे आणि वीसांत न सापडणे यांत फार अंतर आहे. तरीही ‘ग्रंथींत रोग नाही’ एवढ्यावरच भागवलेले, आकड्याचा पत्ता नसलेले अहवाल मी पाहिले आहेत. प्रयोगशाळांनी तो आकडा लिहावा, आणि नातेवाइकांनीही खिडकीपाशी ‘किती गाठी तपासल्या, त्यांतल्या किती बाधित?’ असेच विचारावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा