चर्चगेटच्या पुढेही रूळ होते

महोदय,

भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला पोचली, तेव्हापासून ‘कुलाब्याकडे पहिल्यांदाच रेल्वे आली’ असे सर्रास बोलले जाते. पहिल्यांदा नव्हे, जवळपास ९५ वर्षांनी परत आली. नाथालाल पारेख मार्गालगत आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, तिथेच बीबीसीआय रेल्वेचे (आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) कुलाबा टर्मिनस होते.

चर्चगेट तेव्हा मधले स्थानक. गाडी पुढे दक्षिणेला निघाली की एका हाताला ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने, दुसऱ्या हाताला थेट बॅकबे या उपसागराचे पाणी. कुलाब्याला कापसाचा बाजार होता, त्यामुळे प्रवाशांइतकेच महत्त्व कापसाच्या गाठींनाही. तो बाजार पुढे शिवडीकडे हलला आणि ‘कॉटन ग्रीन’ हे नावही सोबत घेऊन गेला. आजची गोल्डन टेंपल मेल, म्हणजे पेशावरची फ्रंटियर मेल, युरोपच्या बोटींचा मोसम सोडला तर कुलाब्याहूनच सुटे.

स्थानक जुनाट झाले म्हणून बंद केले, हा समज चुकीचा आहे. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली होती. तारा ओढून तीन वर्षेही झाली नव्हती! खरी अडचण जमिनीची. बॅकबेत भराव पडू लागला तसा समुद्रकाठचा रूळ जुने शहर आणि नवी जमीन यांच्या मधोमध आला. मेल गाड्यांसाठी बॉम्बे सेंट्रल १८ डिसेंबर १९३० ला उघडले, ३१ डिसेंबरच्या रात्री कुलाबा बंद झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लोकल चर्चगेटलाच संपू लागली. चर्चगेटला रूळ संपतात तिथल्या बफरपाशी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की रूळ मध्येच तोडल्यासारखे का वाटतात, ते यावरून कळते.

कफ परेड मेट्रो स्थानकात हा इतिहास सांगणारा मराठी फलक लावावा. त्यावर १८७३ आणि १८९६ ही दोन्ही साले हवीत: पहिले तात्पुरत्या टर्मिनसचे, दुसरे पक्क्या इमारतीचे. आणि बोटीच्या प्रवाशांसाठीच्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकाचा फोटो कुलाब्याचा म्हणून चिकटवू नये. ते गोदीच्या बाजूला, पूर्व किनाऱ्यावर होते.

— एक वाचक, कुलाबा, मुंबई