‘राजकारण नको, गाणी म्हणा’

महोदय,

३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री अमेरिकेतल्या नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात ‘ग्रीन डे’ या पंक (म्हणजे बंडखोर रॉक संगीताच्या) बँडने ‘अमेरिकन इडियट’ गाण्यातला एक शब्द बदलून थेट ट्रम्प समर्थकांच्या ‘मागा’ (‘मेक अमेरिका ग्रेट अगेन’) या घोषणेवर बोट ठेवले. लगेच ओरड सुरू झाली : गाणी म्हणा, राजकारण कशाला? माझा एक जुना मित्रही चिडला. मला त्याचेच जास्त वाईट वाटले. हे गाणे ज्या अल्बममधले, तो २००४ साली, इराक युद्ध चालू असताना, बुश यांच्या फेरनिवडणुकीच्या तोंडावर आला होता. कॉलेजात आम्ही दोघांनी त्याची सीडी ओरखडे पडेपर्यंत वाजवली. मग इतकी वर्षे त्याने शब्द ऐकलेच नाहीत का?

पंकचा पिंडच हा आहे. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव ब्रिटनभर साजरा होत असताना ‘सेक्स पिस्टल्स’ने राजसत्तेवरच गाणे केले. बीबीसीने बंदी घातली, तरी ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. मॉस्कोत २०१२ साली कॅथेड्रलमध्ये पुतिनविरोधी गाणे म्हटल्याबद्दल ‘पुसी रायट’ या रशियन पंक गटाच्या तीन तरुणींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

ज्याला राग येतो त्याने जरूर रागवावे, तिकीट काढू नये, टीव्ही बंद करावा. तो त्याचा हक्क आहे. पण गायकाने तोंड मिटून फक्त गिटार वाजवावी, ही मागणी मला अजिबात पटत नाही. मित्रालाही मी हेच सांगितले. ती सीडी अजून माझ्याकडे आहे. त्याने घरी यावे, दोघे मिळून पुन्हा नीट ऐकू.

– एक वाचक, ठाणे