पाऊल कडक की मऊ, हे चालणाऱ्याला विचारा

मा. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री, भारत सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

एडिप या, दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेच्या शिबिरांत कृत्रिम पाऊल देताना डावे की उजवे आणि लांबी किती, एवढ्याने भागत नाही. पाऊल किती कडक, हेही तितकेच महत्त्वाचे. घोट्याच्या कडकपणातला सुमारे 8 टक्के फरकसुद्धा वापरणाऱ्याला कळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. रबराच्या पावलाला संवेदना नसते. पण सॉकेटचा, म्हणजे पाय ज्यात बसतो त्या खोबणीचा, दाब स्टंपवर (कापल्यानंतर उरलेल्या पायावर) कुठे येतो आणि गुडघा कसा वळतो, यावरून वापरणाऱ्याला अंदाज येतो. शेजारी उभे राहून पाहणाऱ्याला इतका बारीक फरक सहसा दिसत नाही.

म्हणून गुडघ्याखालचा पाय गेलेल्या माणसाचे शब्द नीट ऐकावेत. ‘टाच टेकली की गुडघा पुढे ढकलला जातो’ म्हणजे बहुधा टाच कडक. अशा वेळी पाऊल टेकताना बाहेरच्या बाजूला फिरतेही. टाच फार मऊ असली तर चवडा लगेच खाली येतो, गुडघा ताठच राहतो. ‘सपाट रस्त्यावरही चढ लागतो’ म्हणजे चवडा कडक. ‘पुढे खड्डा आहे असं वाटतं’ म्हणजे चवडा मऊ, आणि मग चांगला पाय घाईने, आखूड पडतो.

मात्र याच तक्रारी चपलेमुळेही येतात. तपासणीला सपाट चप्पल आणि घरी उंच टाचेचा बूट, एवढ्यानेच सॉकेट आणि पाऊल जोडणारी नळी पुढे झुकते आणि चांगली टाच कडक वाटू लागते. आधी सॉकेट, मग रोजची चप्पल घालून अलाइनमेंट (सॉकेट, नळी आणि पाऊल यांची जुळणी), शेवटी पाऊल, हा क्रम मोडू नये.

सॅच पावलाच्या, म्हणजे घोट्याला सांधा नसलेल्या साध्या कृत्रिम पावलाच्या, टाचेतली फोमची पाचर आतच बसवलेली असते. चुकली तर पाऊलच बदलावे लागते. त्यामुळे शिबिरात प्रत्येक मापाची मऊ, मध्यम आणि कडक टाचेची पावले असावीत. कोणते कसे ते न सांगता दोन लावून पाहावीत. 10 मीटर सपाट, एक उतार, चार पायऱ्या. काय वाटले ते त्याच्याच शब्दांत फॉर्मवर लिहावे. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा विचारावे, कारण तोवर स्टंप आटतो आणि सॉकेट सैल होते.

फॉर्ममध्ये कामाचाही रकाना हवा. काट्यावर 60 किलो भरणाऱ्या हमालाच्या डोक्यावर 20 किलोचे पोते असेल, तर त्याचे पाऊल 80 किलोच्या हिशेबाने निवडले पाहिजे.

आपले,
कृत्रिम पाय बसवणारे तंत्रज्ञ