बाबा, यंदा उपास थोडा कमी, वाचन थोडं जास्त

ठाणे, फेब्रुवारी 2026

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबांच्या उपासाचा विषय निघाला की बाबा "हे घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई म्हणते, "तुझं तूच सांग त्यांना." म्हणून लिहायला बसले. पत्राला निदान मधेच तोडता येत नाही.

18 तारखेला राखेचा बुधवार, म्हणजे आपल्या उपवासकाळाचा पहिला दिवस. इथे ठाण्यात यंदा सगळ्यांचेच उपास एका आठवड्यात आलेत. रविवारी, 15ला, महाशिवरात्र, म्हणजे कौपिनेश्वराला पहाटेपासून रांग. रमजानही त्याच सुमाराला लागतोय, म्हणजे संध्याकाळी राबोडीत पाय ठेवायला जागा नाही. आणि तलावपाळीजवळ आपलं सेंट जॉनचं चर्च. ऑफिसात आमच्या टेबलावर डबा उघडायला माणूसच उरायचं नाही बहुतेक. गेल्या वर्षी राख लावून तशीच कामावर गेले, तर शेजारची म्हणाली, "कुठला गं अंगारा?" म्हटलं, गेल्या वर्षीच्या झावळ्यांचा. तिला वाटलं मी थट्टा करतेय. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळूनच ही राख होते, हे सांगेपर्यंत तिची मीटिंग सुरू झाली.

मला त्या दिवसाची एक गंमत वाटते. कपाळाला राख लावायच्या आधी जे शुभवर्तमान वाचतात, ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं: उपास कराल तेव्हा तोंड उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका. बाबा, रागावू नका, पण तुमचा शुक्रवारचा उपास सगळ्या आळीला कळतो. तीनच्या आधी तुमच्याशी बोलायची कुणाची छाती होत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या उपवासकाळातला तो शुक्रवार आठवतोय ना? सकाळी तुम्ही मधुमेहाची गोळी घेतलीत, कारण ती घ्यायला मी बजावलं होतं. खाल्लं मात्र काही नाही, कारण ते प्रभूला दिलं होतं. क्रुसाच्या वाटेला, त्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेत, चौथ्या की पाचव्या स्थानापाशी सगळे गुडघ्यावरून उठले आणि तुम्ही उठलाच नाहीत. हात गार, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी विचारतेय तर म्हणे, "पंखा बंद आहे का?" पंखा डोक्यावर गरागरा फिरत होता. आईच्या पर्समध्ये दोन लिमलेटच्या गोळ्या निघाल्या म्हणून निभावलं. नंतर डॉक्टर काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही. ती गोळी पोटात अन्न येणार हे धरून साखर खाली आणते. अन्न आलंच नाही तरी ती आपलं काम करतच राहते. तिला शुक्रवार कळत नाही.

तुम्ही म्हणाल, चर्चचा नियम आहे. तो नियम मी नीट वाचला. 1983च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, उपास सक्तीचा असतो तो फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, आणि तोही 18 वर्षं पूर्ण झालेल्यांना, 59 पूर्ण होईपर्यंत. तुमची 59 होऊन तेरा वर्षं झाली. शिवाय ज्यांना लागू आहे त्यांनाही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंथोडं खायची मोकळीक असते. तीनपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायला चर्चनं कुणालाच सांगितलेलं नाही, ते आपल्या घराण्याचं. मांस वर्ज्य करायला मात्र वयाची वरची मर्यादा नाही. चौदाव्या वर्षापासून ते आहे, पण त्यातही आजारी माणसाला सूट आहेच.

रविवारचंही तेच. सातच्या मिस्साला जाताना तुम्ही चहाचा घोटसुद्धा घेत नाही, कारण आजीनं शिकवलं होतं की ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून तोंडात थेंब जाता कामा नये. आजीचं तिच्या काळात बरोबरच होतं. पण पाण्याची मुभा 1953 साली मिळाली, 1957 साली मध्यरात्रीपासूनच्या ऐवजी तीन तासांचा उपास झाला, आणि 1964 साली पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. पाणी आणि औषध तर त्या तासातही चालतं. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना तो तासही लागू नाही. म्हणजे आई, तुलाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हाच हे सुटलं होतं, बाबा, फक्त आपल्या माजघरापर्यंत बातमी पोचली नाही.

आईच्या उपासाबद्दल मी काही बोलणार नाही. चर्चच्या हिशेबात मासळी मांसात धरत नाहीत, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. तरी चाळीस दिवस सुकटीचा वाससुद्धा घरात येऊ द्यायचा नाही हा तिचा बाणा, आणि तोच खरा उपास, कारण वसईच्या बाईनं मटण सोडलं तर त्यात काय सोडलं? चेंदणीची मासेवाली मलाच आता विचारते, "ताई, तुमचे उपास कधी लागतात?" आई, कडधान्यं आणि दूध-दही मात्र वाढव. मग तुझं तू बघ.

मग बाबांनी काहीच करू नये का? हे मला मनापासून वाटत नाही, म्हणूनच एवढं लिहितेय. ज्या माणसानं सारा जन्म शुक्रवार पाळला, त्याला "तुमचं वय झालं, तुम्ही खाऊन घ्या" एवढंच सांगणं म्हणजे त्याला बाकावरून उठवून बाहेर बसवण्यासारखं आहे. मला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि ते मिळालं संत बेनेडिक्टच्या नियमावलीत. सहाव्या शतकातला माणूस, मठातल्या साधूंनी कसं राहावं ते त्यानं बारीकसारीक लिहून ठेवलंय. त्यात म्हातारे आणि मुलं यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे, सदतिसावं. खाण्याच्या बाबतीत नियमाची कडक अंमलबजावणी त्यांच्यावर करू नये, त्यांना वेळेआधी जेवू द्यावं, असं त्यात सरळ म्हटलंय. आणि अठ्ठेचाळिसाव्यात उपवासकाळाबद्दल सांगितलंय की या दिवसांत प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यायचं आणि त्यानं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमानं वाचायचं. कुणी वाचायच्या वेळी गप्पा मारत बसत नाही ना, हे बघायला एकदोन वडीलधारे मठात फेरी मारायचे! म्हणजे अन्नाचा नियम वृद्धांसाठी सैल, पुस्तकाचा सगळ्यांना सारखा.

तेव्हा बाबा, तुमचं यंदाचं पुस्तक मी ठरवलंय. लूक आणि योहान, ही दोन शुभवर्तमानं. लूकचे 24 अध्याय आणि योहानाचे 21, मिळून 45. राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत, रविवार धरून, 46 दिवस होतात (चाळीस म्हणतात ते सहा रविवार वगळून, कारण रविवारी उपास नसतो). रोज एक अध्याय. योहानाचे शेवटचे दोन अध्याय 5 एप्रिलला, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या दिवशी, आम्ही सगळे आलो की मिळून वाचू. त्यामुळे मधले तीन दिवस मोकळे राहतात: पाहुणे, कुणाचं लग्न, लाइट जाणं. लूकमध्ये प्रभू मार्चच्या मध्यावरच पुन्हा उठतो, त्याला माझा इलाज नाही.

वाचायचं मोठ्यानं, आणि आईनं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुम्हाला बारीक अक्षर लागत नाही, आणि मनातल्या मनात वाचलं की तुम्ही पाच ओळींत पेंगता. ऐकताना नाही पेंगत. आईनं वाचावं, तुम्ही ऐकावं, आणि जिथे काही मनात अडकेल तिथे "थांब" म्हणावं. अध्याय पुरा झालाच पाहिजे असं नाही, पण उड्या मारायच्या नाहीत. लूकच्या तिसऱ्या अध्यायातली ती वंशावळसुद्धा वगळायची नाही. बाबा, तुम्हाला गावातल्या प्रत्येक घराची सात पिढ्यांची नावं पाठ आहेत, योसेफापासून आदामापर्यंत जायला तुम्हाला जड जाणार नाही.

मोठ्यानं वाचायची आपल्याकडची रीत जुनीच आहे, आणि हे मला तुम्हीच सांगितलंत. मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत बांधली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, 1616 साली तिथल्याच रायतूरला छापल्या. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची आधीची पुराणं सुटली, मग त्यांनी वाचायचं-ऐकायचं काय, या मागणीतून ख्रिस्तपुराण झालं. ओवी डोळ्यांनी वाचायची नसतेच. तुमच्या कपाटातली ती प्रत मात्र यंदा राहू द्या. एकेका ओवीवर तुम्ही पाऊण तास भाष्य करता आणि आईचा भात करपतो.

आणि मोबाइलवरचं चिंतन नको. सकाळी उठल्यावर सहा ग्रुपांवर तेच कबुतर आणि तोच सूर्योदय, खाली दोन ओळी. कुणी लिहिलं, कशावरून लिहिलं, पत्ता नाही. मी स्वतः ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर वाचून बघितलं. ऐरोली येईपर्यंत योहानातली शोमरोनी बाई विहिरीपाशी पोचलेली असते आणि तेवढ्यात वरून बँकेचा मेसेज. आता छोटं छापील शुभवर्तमान पर्समध्ये ठेवते.

क्रुसाच्या वाटेचं काय, हे तुम्ही विचारणारच. जा ना. पण चौदा वेळा गुडघे टेकून उठायचं नाही, बसून करायची. आणि ज्या शुक्रवारी बरं नसेल त्या शुक्रवारी घरीच. ज्यांना चर्चला येणं जमत नाही त्यांनी थोडा वेळ प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन आणि मनन करावं, तेही चालतं, असं चर्चनंच सांगितलंय. लूकचा 22 आणि 23 किंवा योहानाचा 18 आणि 19 काढून ठेवा. आई, एक तुझ्यासाठीही: यंदा मिस्साच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं अ वर्ष आहे, म्हणजे 8, 15 आणि 22 मार्चच्या रविवारची शुभवर्तमानं लांबलचक, शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजर. तुझ्या गुडघ्यांनी तेवढा वेळ उभं राहू नकोस. कुणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू दे.

शुक्रवारी बाबांनी सकाळी दोन चपात्या आणि भाजी खायची, गोळी घ्यायची, आणि मनाला उपास हवाच असेल तर तीनपर्यंत टीव्ही बंद. बातम्यांसकट. हा उपास तुम्हाला भाकरीच्या उपासापेक्षा जड जाईल, हे मला माहीत आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी यशयाचा 58वा अध्याय वाचतात: मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकर देणं. तेव्हा शुक्रवारचे वाचलेले पैसे वगैरे हिशेब सोडा. वाडीच्या टोकाला ती एकटी राहणारी म्हातारी आहे, तिला आईच्या हातचं जेवण शुक्रवारी पाठवा आणि बाबांनी स्वतः नेऊन द्या.

आणखी एक, मग संपवते. त्याच बेनेडिक्टनं एकोणपन्नासाव्या प्रकरणात लिहिलंय की उपवासकाळात कुणाला आपण होऊन जास्तीचं काही करायचं असेल, तर त्यानं आधी मठाधिपतीला सांगावं. न विचारता केलेलं सगळं अहंकारात जमा होईल. बाबा, तुम्ही हे डॉक्टरांना विचारलं नाही, फादरांनाही नाही. या रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना विचारा. मी त्यांना आधी काही सांगितलेलं नाही, शपथ.

शनिवारी येते. मोठ्या अक्षरांचं बायबल, साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या आणि आईनं सांगितलेलं तीळकूट आणते. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, मी रिक्षानं येईन.

तुमची
धाकटी