29 फेब्रुवारीची बाकी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

करोनाकाळात छोट्या उद्योगांना काय मिळालं, हा विषय निघाला की 'तीन लाख कोटींचं पॅकेज' एवढंच सगळ्यांना आठवतं. ती योजना म्हणजे इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम, ईसीएलजीएस. मे 2020 मध्ये ती जाहीर झाली, पुढे मर्यादा पाच लाख कोटींपर्यंत वाढली आणि 31 मार्च 2023 ला ती संपली. तिने अनेक कारखान्यांची चाकं फिरती ठेवली, हे मान्यच. पण तिची मापपट्टी चुकीची होती, आणि पुढच्या संकटात हीच पट्टी पुन्हा काढली जाऊ नये म्हणून हे पत्र.

कर्ज किती द्यायचं हे धंदा किती बुडाला यावर ठरलं नाही. 29 फेब्रुवारी 2020 या दिवशी बँकेचं येणं किती होतं, त्यावर ठरलं. त्या बाकीच्या 20 टक्के. कॅश क्रेडिटची (सीसी, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत हवं तेव्हा उचलायचं आणि भरायचं कर्ज) उचल 12 लाख आणि यंत्राच्या मुदत कर्जाची बाकी 8 लाख असेल, तर 20 लाखांवर 4 लाख. सीसीची मंजूर मर्यादा किती, याला इथे किंमत नव्हती. त्या दिवशीची उचल तेवढी धरायची. बँक गॅरंटी आणि एलसी (माल विकणाऱ्याला पेमेंटची हमी देणारं बँकेचं पत्र) तर हिशेबातच नाहीत. आता समजा, दोन शेजारच्या गाळ्यांत प्रत्येकी 15 लाखांची सीसी आहे. एकाच्या व्यापाऱ्याचं पेमेंट 27 फेब्रुवारीला जमा झालं आणि उचल 2 लाखांवर उतरली. त्याला मिळणार 40 हजार. दुसऱ्याने मर्यादा काठोकाठ वापरलेली, त्याला 3 लाख. मजुरी, भाडं, वीजबिल दोघांचं सारखंच. चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या तारखेवर धंद्याचं नशीब टांगायचं, ही कल्पना कुणाची होती कोण जाणे!

ज्यांनी बँकेची पायरीच चढली नव्हती, त्यांचं काय? शून्याच्या वीस टक्के शून्यच. घरच्या भांडवलावर, भिशीवर किंवा व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेवर चालणारे शिलाईवाले, छापखाने, खानावळी, टेम्पोवाले या योजनेबाहेर राहिले. पतसंस्थेचं कर्ज असणारेही बाहेरच, कारण योजना बँका, वित्तसंस्था आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) यांच्यापुरती होती. आपल्याकडे किती छोटे व्यावसायिक पतसंस्थेवर अवलंबून आहेत, हे दिल्लीत कुणी विचारात घेतलं असावं असं वाटत नाही. मुद्रा योजनेतल्या सर्वांत छोट्या, 'शिशू' कर्जावरची 2 टक्के व्याजसवलतसुद्धा 31 मार्च 2020 ला ज्यांच्या खात्यावर बाकी होती त्यांनाच होती.

आतल्यांसाठीही दारं अरुंद होती. 29 फेब्रुवारीला खातं 60 दिवसांपेक्षा जास्त थकीत असेल तर पात्रता संपली. जिथे कापडाचं पेमेंटच तीन-तीन महिन्यांनी येतं, तिथे ही अट धंद्याची लय न पाहता घातलेली. दोन बँकांत खाती असतील तर प्रत्येक बँक आपापल्या बाकीपुरतं देणार. एकीकडूनच सगळं हवं असेल तर दुसरीची ना-हरकत आणायची. टाळेबंदीत, अर्ध्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या शाखेतून! व्याजाची कमाल मर्यादा बँकेला 9.25 टक्के, एनबीएफसीला 14 टक्के. म्हणजे ज्याचं मूळ कर्ज एनबीएफसीचं, त्याला मदतही महाग.

सर्वांत मोठा गैरसमज 'शंभर टक्के हमी' या शब्दांनी झाला. हमी होती बँकेला. खातं बुडालं तर एनसीजीटीसी ही सरकारी कंपनी बँकेला भरपाई देणार होती; कर्जदाराकडची वसुली मात्र बँकेने चालूच ठेवायची होती. अमेरिकेच्या पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅममध्ये किमान 60 टक्के रक्कम पगारांवर खर्च केली आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर कर्ज माफ होत असे. इथे तसं काहीच नव्हतं. नवं तारण मागायचं नव्हतं हे खरं, पण जुन्या तारणावर दुसरा बोजा चढवण्याची तरतूद होती. असा बोजा जिथे चढला, तिथे मूळ कर्ज फिटलं तरी गाळ्याचे कागद मोकळे झाले नाहीत.

आता हप्त्याकडे पाहू. मुदत चार वर्षं, पैकी पहिलं वर्ष मुद्दलाला सवलत. व्याज दरमहा भरायचंच होतं; अनेकांनी 'वर्षभर हप्ता नाही' असं ऐकलं आणि व्याज थकवलं. 4 लाखांवर 9.25 टक्क्यांनी पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे 3,083 रुपये. तेराव्या महिन्यापासून तेच कर्ज 36 हप्त्यांत फेडायचं, म्हणजे सुमारे 12,770 रुपये. हप्ता एकदम चौपट. जुलै-ऑगस्ट 2020 मध्ये पैसे उचललेल्यांचा हा चौपट हप्ता सुरू झाला तो 2021 च्या पावसाळ्यात, दुसऱ्या लाटेच्या पाठोपाठ. मे 2021 च्या अखेरीस पाच वर्षं मुदत आणि पहिली दोन वर्षं फक्त व्याज, अशी सोय आली. पण ती रिझर्व्ह बँकेच्या पुनर्रचना नियमांत बसणाऱ्यांनाच. त्याआधी मार्चअखेर हॉटेल-पर्यटन व्यवसायाला बाकीच्या 40 टक्के कर्ज, सहा वर्षं मुदत आणि दोन वर्षं सवलत मिळाली होती. एका वर्षाची सवलत अपुरी आहे हे सरकारला तेव्हाच कळलं होतं, मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?

बँकेच्या जुन्या बाकीशिवाय कर्ज देताच येत नाही, असं म्हणायलाही जागा नाही. 1 जून 2020 ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत फेरीवाल्याला जुनं कर्ज आहे का, यावर पात्रता ठरत नव्हती. पालिकेचं विक्री प्रमाणपत्र, ते नसेल तर शिफारसपत्र, आणि 24 मार्च 2020 पूर्वीपासून व्यवसाय, एवढ्यावर 10 हजार रुपये, बारा हप्ते, वेळेवर फेडल्यास 7 टक्के व्याज अनुदान. फेडलं की पुढचं 20 हजारांचं, मग 50 हजारांचं. योजनेला आता मार्च 2030 पर्यंत मुदतवाढ आहे आणि पहिला टप्पा 15 हजारांचा झाला आहे. हातगाडीवाल्यासाठी वेगळी पट्टी सापडली, सीसीवाल्यासाठी बँकेचं लेजर होतं. मधला, बँकेचं कर्ज नसलेला छोटा व्यावसायिक मात्र कुणाच्याच यादीत नाही.

त्याच्यासाठी पट्टी शोधायला समिती नको. जीएसटी भरणाऱ्याची मागील बारा महिन्यांची विक्री विवरणपत्रांत आहे. त्यातली एका महिन्याची सरासरी, हे कर्जाचं माप ठेवा. जीएसटीच्या मर्यादेखालच्या यंत्रमागाला, पिठाच्या गिरणीला, वेल्डिंगच्या दुकानाला महावितरणचं बिल आहे. मागील महिन्यांचा वीजवापर त्यावर छापलेला असतो आणि काम बंद पडलं की युनिट त्याच महिन्यात खाली येतात. मीटर गाळामालकाच्या नावावर असेल, आणि बहुतेक ठिकाणी तो असतोच, तर भाडेकरार आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सोबत घ्यावी. बाकी जर धरायचीच असेल, तर एका दिवसाची धरू नये. बारा महिनाअखेरींची सरासरी धरावी. ती काढायला बँकेच्या संगणकाला चहा प्यायलाही वेळ लागत नाही.

– एक निवृत्त बँक अधिकारी, इचलकरंजी