मेस्त्री, त्या दिवशी तुम्ही ‘ही गाडी घेऊ नका’ म्हणालात

आदरणीय मेस्त्री,
सादर नमस्कार.

समोर उभे राहून आभार मानले की तुम्ही ‘त्यात काय, बाई’ म्हणता आणि पुन्हा बॉनेटखाली डोके घालता. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. गणपतीआधी वागळे इस्टेटमधले गॅरेज बंद करून तुम्ही कायमचे मालवणला जाणार असल्याचे परवा कळले. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या ठेवणारा माणूस ठाणे सोडून जात असताना त्याचे काम निदान एका गाडीपुरते तरी कोणीतरी लिहून ठेवावे, असे मला मनापासून वाटले.

महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा हाताशी आलेल्या पैशांतून एकच गोष्ट स्वतःसाठी घ्यायची असे ठरवले होते: फियाट अकराशे डिलाइट. माझ्या लहानपणी फियाटसाठी पैसे भरून नंबर लावावा लागे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. माझ्या वडिलांनीही नंबर लावला होता, पण मध्येच आत्याचे लग्न ठरले आणि ते पैसे तिकडे गेले. वडिलांनी त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही, पण नौपाड्याच्या आमच्या गल्लीत डॉक्टरांची फियाट शिरली की ते हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून तिच्याकडे पाहत असत.

नवी मुंबईत पाहिलेली पहिली गाडी मला इतकी आवडली होती की विसार देण्याची रक्कम पर्समध्ये घेऊनच मी तुम्हाला तिथे नेले. रंग आरशासारखा, बैठका नव्या, क्रोमची पट्टी चमकणारी. तुम्ही रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. खिशातले लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्यांखालच्या पत्र्यावरून फिरवले, आणि ते जिथे जिथे चिकटेना तिथे तिथे माझा हात धरून मला दाखवले, कारण रंगाखाली तिथे पत्रा उरलाच नव्हता, नुसती पुट्टी होती. मग तुम्ही जमिनीवर पोते टाकून गाडीखाली शिरलात. बाहेर आल्यावर नोंदणीपुस्तकातला इंजिन नंबर मला मोठ्याने वाचायला लावलात आणि इंजिनावर ठोकलेला नंबर स्वतः वाचलात. दोन्ही जुळत नव्हते. ‘ही गाडी घेऊ नका, बाई,’ एवढेच तुम्ही म्हणालात. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते तुम्ही पाहिले, पण गाडी बरी असल्याचे खोटे सांगून माझे समाधान केले नाही. अर्ध्या दिवसाची मजुरीही तुम्ही घेतली नाहीत. तो नकार मिळाला नसता, तर माझी निवृत्तीची पुंजी त्या पुट्टीखाली गेली असती.

नाशिकच्या एका वाड्यात ताडपत्रीखाली अकरा वर्षे उभी असलेली १९७१ सालची डिलाइट तुम्ही ‘घ्या’ म्हणालात तेव्हा मला त्याचे कारण उमगले नव्हते. टायर बसलेले, काचा धुळीने आंधळ्या झालेल्या, आणि मागच्या बैठकीत उंदरांनी घर केलेले. पण चुंबक सगळीकडे चिकटत होते, दोन्ही नंबर जुळत होते, आणि तुम्हाला तेवढे पुरेसे होते.

त्यानंतरच्या सात महिन्यांचे ऋण कसे फेडावे ते मला कळत नाही. मी रंगाच्या छटा निवडत बसले होते, तेव्हा तुम्ही ‘आधी ब्रेक, रंगाचं मग बघू’ असे बजावून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि सगळे होज पाइप काढायला घेतले. इंजिन सुरू करण्याची मला घाई झाली होती, पण तुम्ही प्लगच्या भोकांतून तेल सोडून ते तीन दिवस मुरू दिले आणि मगच पान्याने इंजिन हाताने फिरवले. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या काळच्या रबराला मानवत नाही आणि हवेतली ओलही ओढून घेते. म्हणून तुम्ही पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातला पडदा इथेनॉल सोसणारा घातलात. डिलाइटचे बरेच सुटे भाग १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीशी जुळतात, हे मला तुमच्याबरोबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची दुकाने हिंडताना समजले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची हटली. तिच्या भावंडांचे भाग आज माझ्या गाडीत आहेत. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ही गाडी जुळली तो ज्या आग्रा रोडवर होता, तोच रोड पुढे आपल्या ठाण्याच्या तीन हात नाक्याला येऊन मिळतो, हे तुम्ही परतताना सहज बोलून गेलात आणि मी गाडी थांबवायला सांगून थोडा वेळ नुसती त्या रस्त्याकडे पाहत राहिले.

नोंदणीच्या बाबतीतही तुम्हीच मला सावरले. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेजचा वेगळा, ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो, या कल्पनेने मी हरखून गेले होते. तशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते, हे तुम्ही समजावले आणि विचारले, ‘तुम्हाला गाडी दाखवायची आहे की चालवायची आहे?’ मला चालवायची होती. म्हणून दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरणाची नेहमीची नोंदणीच आपण ठेवली. उपवनला पहाटे जाताना, किंवा नातीला तलावपाळीवर नेताना, त्या प्रश्नाची मला आठवण होते.

मे महिन्यातली ती दुपार मात्र तुम्हाला पूर्ण सांगायची राहिली आहे. घोडबंदर रोडवरच्या कोंडीत कापूरबावडीजवळ गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागे भोंगे वाजत होते आणि माझे हात थरथरत होते. दोन तरुणांनी गाडी कडेला घेऊन दिली. तुम्हाला फोन लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला, तेव्हाच तुमचे शब्द आठवले: उन्हात पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. मी बॉनेट उघडले, पिण्याच्या पाण्याने फडके भिजवून पंपावर ठेवले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबले. पहिल्या नाही, दुसऱ्या स्टार्टरला इंजिन लागले. मी फोन परत पर्समध्ये ठेवला. आयुष्यभर मुलांना ‘रीत समजली की गणित सुटते’ असे सांगत आले, पण त्या दिवशी कडेला उभी राहून मला जो आनंद झाला, तो मुलांना गणित सुटल्यावर होत असेल हे प्रथमच जाणवले.

निरोपाच्या वेळी तुम्ही तुमचे जुने फिलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा, माझ्या हातात ठेवलेत. त्याच्या पात्यांवरचे आकडे झिजले आहेत, तरी टॅपेटसाठीचे, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट मोजायचे, पाते कोणते ते तुम्ही लाल दोरा बांधून दाखवले आहे. तो दोरा मी तसाच ठेवला आहे.

आता एक विचारायचे आहे. दिवाळीनंतर गाडी घेऊन मालवणला यावे असे मनात आहे. डाव्या मागच्या पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, आवाज अजून पुरता गेलेला नाही. तेवढ्यावर ही गाडी कोकणात उतरवावी की आधी पाटे काढून पाहावेत, ते कृपया कळवावे. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर मी येणार नाही, आणि ‘या’ म्हणालात तर पहाटे चारला निघेन.

आपली कृतज्ञ,
नौपाड्याच्या बाई