काका, पॅडल आता वर लागतं

आदरणीय काकांना,
साष्टांग नमस्कार.

मनीषनगरच्या आपल्या गल्लीत तुम्हाला सगळेच ओळखतात. पण एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत तुमची उभी हयात गेली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून गाडीच्या ब्रेकचं दुखणं शोधून दिल्याबद्दलचे हे आभार चारचौघांना वाचता येतील असे लिहिते आहे.

बाबांच्या जुन्या गाडीचे मागचे लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) आणि व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारे) मी आणि धाकट्या भावाने घरीच बदलले. नवीन ब्रेक ऑइल भरलं. तो पॅडलवर, मी चाकाजवळच्या हवा काढायच्या निप्पलपाशी, अशी सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. नळीतले बुडबुडे थांबले, तरी पॅडल नरमच. पहिल्या दाबाला पार खाली जायचं, भराभर पंप मारले की वर यायचं. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ऑइलवर आणणारा पंप) गेला, नवीन टाका. आम्ही तो मागवणारच होतो.

तेवढ्यात तुम्ही आलात, मे महिन्याच्या भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. भाऊ गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत नेतो म्हणत होता. तुम्ही आधी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. ब्रेकची खात्री होईस्तोवर गाडी गेटाबाहेर जाणार नाही, एवढंच म्हणालात. काका, सगळ्यात आधी आभार त्या चावीचे.

मग म्हणालात, "पॅडल स्पंजावानी लागून राह्यलं का नुसतं खोल जाऊन राह्यलं, ते पाह्य आधी." हा फरक मला कुणी सांगितलाच नव्हता. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून लाइनमध्ये हवा असेल तर पायाखाली स्प्रिंगसारखं लवचिक लागतं. आमचं पॅडल खोल जात होतं, पण खाली जाऊन घट्ट थांबत होतं. तुम्ही इंजिन चालू ठेवून पाय तसाच दाबून धरायला लावला. पॅडल हळूहळू बसत गेलं असतं तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावर किंवा कुठल्यातरी गळतीवर संशय घेता आला असता. ते जागचं हललं नाही.

आणि मग ती हँडब्रेकची युक्ती. हँडब्रेक पूर्ण खेचून पुन्हा पॅडल दाबायला सांगितलंत, आणि ते एकदम वर, कडक लागलं! हँडब्रेक मागचे लायनर ड्रमकडे ढकलतो, मधली फट कमी होते, ऑइलला फार सरकावं लागत नाही. म्हणजे दुखणं मागच्या ड्रममध्येच होतं आणि आम्ही बोनेटखाली पैसे ओतायला निघालो होतो. बसचे ब्रेक हवेवर चालतात आणि कारच्या ब्रेकला हवा चालत नाही, हे तुम्ही हसत सांगितलंत. पण फट बसमध्येही अशीच बघावी लागते, हेही तुमच्याकडूनच कळलं.

ड्रम उघडल्यावर अ‍ॅडजस्टर सापडला, लायनर आणि ड्रममधली फट राखणारा, गंजून जाम झालेला. नवीन लायनरच्या डब्यात तो सहसा येत नाही, जुनाच परत बसतो. इथे तुम्ही पाना स्वतः घेतला नाहीत, माझ्या हातात दिलात. गॅरेजमध्ये मी प्रश्न विचारते आणि उत्तर भावाकडे बघून मिळतं. तुम्ही माझ्याकडे बघून बोललात. तारेच्या ब्रशने आटे साफ कसे करायचे, डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलटे असतात म्हणून अदलाबदल का करायची नाही, ड्रम उघडा असताना पॅडलला पायही का लावायचा नाही, सगळं सावकाश सांगितलंत. चाक हाताने फिरवलं की लायनरचा जेमतेम घासल्याचा आवाज यायला हवा, दोन्ही बाजूंना सारखा. तो आवाज कानात बसेपर्यंत तुम्ही मला चाक फिरवायला लावलंत. तेवढा धीर माझ्या वर्गातल्या पोरांबरोबर मला दाखवता आला तर बरं होईल.

ऑइलची उघडी राहिलेली जुनी बाटलीही तुम्ही बाजूला काढायला लावलीत. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ झाली तर पॅडल पुन्हा खालीच.

आधी गल्लीत, मग सेमिनरी हिल्सच्या उतारावर गाडी चालवून पाहिली. पहिल्याच दाबाला पॅडल वर लागतं. आई आता मागे निर्धास्त बसते.

रविवारी पुढच्या चाकांचे रबरी पाइप बदलायचे आहेत, त्यांना बारीक भेगा दिसल्या आहेत. सकाळी ऊन चढायच्या आत या. खुर्ची सावलीत टाकून ठेवते, काम आम्हीच करू, तुम्ही फक्त बघा.

तुमची,
समोरच्या घरातली